नीलकंठाखालचे अकरा दाणे

शेवंती खुडताना बोटांना एक कडवट वास लागतो. माती चोळा, साबण लावा, तो संध्याकाळपर्यंत जात नाही. दसरा उलटून मळ्यात शेवंती पिवळी झाली, शिवारात पऱ्हाटीची बोंडं तडकली आणि सकाळी दुलई सोडवेनाशी झाली, की त्या वासाखाली मला दुसरा एक वास येऊ लागतो. टर्पेंटाइनचा. आता घरात टर्पेंटाइनचा थेंब नाही. ब्रश नाहीत, डबे नाहीत, ते वापरणारे हात जाऊनही बरीच वर्षं झाली. तरी येतो.

यंदा त्यात नातवाची भर पडली. तो पुण्याला असतो. दिवाळीला आला तेव्हा कुठल्याशा प्रदर्शनाचे फोटो घेऊन आला. जुन्या मोटारी, लढाईतल्या जीपा, हौशी लोकांनी दुरुस्त करून, घासूनपुसून उभ्या केलेल्या. त्यांच्या नाकाडांवर चित्रं होती. वाघाचा जबडा, पत्त्यातली राणी, पंख पसरलेला गरुड.

"आजी, लढाईतल्या विमानांवर अशी चित्रं असायची," तो मला समजावून सांगत होता. "आता लोक हौसेनं गाड्यांवर काढून घेतात."

मी फोटो डोळ्यांजवळ धरला. एका मोटारीवर चित्राखाली ओळीनं बारीक खुणा होत्या, सारख्या अंतरावर, सुबक रेखलेल्या.

"या खुणा कशाच्या रे?"

"काही नाही, डिझाइन आहे."

मी चहा ठेवायला उठले.

लढाई थांबली त्यानंतरचा तो पहिला हिवाळा. राज्य इंग्रजांचं होतं, वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, आणि साखर, रॉकेल, कापड सगळं कार्डावर मिळत होतं. मी वीस वर्षांची होते. आम्ही माळी. अकोल्याबाहेर मोर्णेच्या काठाला आमचा मळा होता. वांगी, मेथी, आणि बांधाच्या कडेनं झेंडू-शेवंती. मराठी चौथीपर्यंत शिकले होते, त्यामुळे आळीतली पत्रं वाचून दाखवायला मलाच बोलावत. रोज सकाळी मी जठारपेठेतल्या चार-पाच घरी पूजेची फुलं पोचवायची. त्यातलं एक घर वकीलसाहेबांचं.

माझे मालक रामभाऊ. त्या काळी नवऱ्याचं नाव तोंडानं घेता येत नसे, आता लिहायला हरकत नाही. शेतात त्यांचा जीव रमला नाही. त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, नाटकांचे पडदे रंगवले, आणि लढाई लागल्यावर रंगाऱ्याच्या नोकरीवर आसामकडे एका विमानांच्या मैदानावर गेले. अडीच वर्षं तिकडेच होते. मैदान बंद झालं तेव्हा कामगारांना सोडून दिलं, आणि दसऱ्याआधी आठ दिवस ते घरी आले. पत्र्याची पेटी माळ्यावर टाकली. त्यात ब्रश होते. ते काढले नाहीत.

मी आधी विचारलं नाही. एक दिवस दुपारी शेवंतीला पाणी देताना, पाटाची दारं धरता धरता, त्यांनी आपणहून सांगितलं. मैदानावरचे वैमानिक पोरगेच होते, बाविशी-तेविशीचे. आपापल्या विमानाच्या नाकाडावर काहीतरी काढून मागत. कोणी बाईचं चित्र, कोणी वाघ, कोणी नुसतं नाव. रामभाऊ काढून देत. विमान जाऊन सुखरूप परत आलं, की चित्राखाली एक बारीक खूण काढायची. गेल्याची नाही. परत आल्याची.

"त्यात आपला एक होता," ते म्हणाले. "जठारपेठेतला. वकिलाचा पोरगा, अरविंद. मले बोलताना ऐकलं अन् धावत आला. म्हने, तुमी वऱ्हाडचे का? त्यानं नीलकंठ मांगतला."

आमच्याकडे दसऱ्याला शिवेवर जाऊन नीलकंठ पाहायची रीत आहे. दिसला तर वर्ष चांगलं जातं. अरविंद लहानपणी वडिलांचं बोट धरून जायचा. त्याला पंख उघडलेला नीलकंठ हवा होता, कारण मिटलेल्या पंखात निळाई दिसत नाही. आणि बाकीचे खुणेसाठी बॉम्ब काढत, त्यानं ज्वारीचे दाणे काढायला सांगितले.

"म्या म्हटलं, साहेब, नीलकंठ दाना खात नाई, किडे खाते. तो हासला. म्हने, लढाईत जे भेटते ते खा लागते."

पाणी सरीतून पुढे निघून गेलं होतं, ते दोघांनाही कळलं नाही.

"मंग?" मी विचारलं.

"एक दिवस नाई आला. त्याच्या संगं दुसरं विमान होतं, त्या मान्सानं पायलं. पेटलं होतं. डोंगराले लागलं. त्या विमानात एकटाच रायते मानूस. उडी मारली नाई त्यानं." फावडं उचलून ते पुढच्या दाऱ्याकडे गेले. "त्या घरी मी जात नाई, यमुने. तू बी काई सांगू नोको."

मी मात्र त्या घरी रोज जात होते.

विमान सापडलं नव्हतं, म्हणून वकीलसाहेबांकडे सरकारी तार आली होती ती एवढीच, की अरविंद बेपत्ता आहे. बेपत्ता या शब्दाला धरून ते घर उभं होतं. त्या दिवसांत जपान्यांच्या कैदेतून सुटलेली माणसं परत येत होती. मूर्तिजापूरकडच्या एका घरानं आपल्या मुलाचे दिवस घातले होते, आणि तो हाडांचा सापळा होऊन का होईना, स्वतःच्या पायांनी घरी आला. ही बातमी ऐकल्यापासून अरविंदच्या आई रोज त्याच्या ताटात पहिली पोळी वाढून ठेवत. त्यांना सगळे माई म्हणत. भिक्षुकाच्या घरातल्या, सोवळ्याच्या, पण माझ्या टोपलीतली फुलं माझ्या हातून घेत. फुलांना विटाळ नसतो म्हणायच्या.

अरविंदची बायको सुधावहिनी माझ्याच वयाची. मॅट्रिक झालेली. लग्नाला तीन वर्षं, त्यातले दिवस मोजले तर सहवास पाच महिन्यांचा. तिला अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. माई म्हणत, तो येईल तेव्हा घरात बायको नको का? तिचा अर्ज कपाटातल्या लुगड्यांखाली पडून होता.

ब्रश माळ्यावरून खाली आले ते माझ्या दिरामुळे. लढाईतल्या जुन्या लॉऱ्या विकायला निघाल्या होत्या. दिरानं दोघा माळ्यांच्या भागीत एक घेतली, भाजी वाहायला. मळकट हिरवी, मारक्या रेड्यासारखी. "दादा, हिच्या तोंडाले काईतरी काढा," म्हणून तो महिनाभर मागे लागला. शेवटी रामभाऊंनी एका दुपारी तिच्या नाकाडावर वाघाचा उघडा जबडा काढला. लाल जीभ, पांढरेशुभ्र सुळे. पहिल्या दिवशी बाजारात बैल बुजले आणि एका गाडीतली वांगी रस्ताभर सांडली. दुसऱ्या दिवशी दोन लॉरीवाले आमच्या बांधावर येऊन उभे राहिले, आम्हालाही असंच पाहिजे म्हणून. रामभाऊंनी दोघांना परत पाठवलं.

तिसऱ्या दिवशी वकीलसाहेब आले. ती लॉरी त्यांनी जठारपेठेत पाहिली होती, आणि मुलाच्या पत्रांतला, नीलकंठ काढून देणारा वऱ्हाडी रंगारी त्यांना आठवला होता. डोक्यावर काळी टोपी, हातात काठी, धोतराचा सोगा चिखलाला लागू नये म्हणून उचललेला. मी त्यांना बसायला घोंगडी टाकली. ते बसले नाहीत.

"रामभाऊ, माझ्या अरविंदच्या विमानावर नीलकंठ तुम्ही काढला होता का?"

"काढला होता, साहेब."

"पाहिलंत त्याला? कसा होता?"

"चांगला होता. जेवनात तिखट नाई म्हनून रोज भांडे. म्या घरून नेलेला ठेचा त्यानं च्यार दिवसांत संपवला."

वकीलसाहेब हसले. मग काठीच्या टोकानं बांधावरचं ढेकूळ फोडत राहिले. कोर्टात समोरच्या माणसाकडून शेवटचं उत्तर काढून घेतल्याशिवाय न बसणारा तो माणूस. पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

"आमची जुनी मोटार आहे," ते म्हणाले. "तिच्यावर तोच पक्षी काढून द्या. हिची इच्छा आहे. स्टेशनवर गाडी न्यायची म्हणते. गर्दीत त्याला आम्ही ओळखू आलो नाही तरी पक्षी ओळखू येईल."

रामभाऊ नाही म्हणू शकले नाहीत. मी तिथेच उभी होते.

उघड्या टपाची ती मोटार पेट्रोलअभावी चार वर्षं विटांवर उभी होती. ती पडवीतून ओढून अंगणातल्या कडुलिंबाखाली आणली. रामभाऊ पाच दिवस जात होते. ते घासत, अस्तर देत, वाळू देत, पुन्हा घासत. माई पायरीवर पाटावर बसून सरकी काढलेल्या कापसाच्या वाती वळत आणि बोलत. अरविंद लहानपणी कडुलिंबावरून पडला तो, त्याला गोवर आला तो, त्याला पहिल्यांदा विमान दिसलं तो दिवस. रामभाऊ हूं म्हणत. असं वाटे, की त्या मुलाला ब्रश लागेल म्हणून ते जपून रंगवताहेत.

त्या पाच दिवसांत सुधावहिनीनं मला तीनदा विचारलं. मागच्या दारी, फुलं घेताना, हलक्या आवाजात.

"यमुना, तुझ्या मालकांना काही माहीत आहे का गं?"

"नाई जी, वहिनी."

दुसऱ्यांदा तिनं माझं मनगट धरलं होतं. तिसऱ्यांदा ती माझ्याकडे न पाहता फुलांकडे पाहत होती. मी तिन्ही वेळा तेच सांगितलं. आमच्या आळीत विधवेचं काय होतं ते मला ठाऊक होतं, आणि त्यांच्या आळीत त्याहून काय होतं तेही. माझ्या तोंडून निघालेल्या शब्दानं हिचं कपाळ पुसलं जाणार असेल तर तो शब्द माझा नको, एवढंच माझ्या मनात होतं. त्याला मी दया समजत होते. आज इतक्या वर्षांनी पाहते तेव्हा त्यात भीतीच जास्त दिसते.

पाचव्या दिवशी मी गेले तेव्हा पक्षी पुरा झाला होता. मोटारीच्या नाकाडाच्या डाव्या अंगाला, पंख उघडून झेपावलेला. तपकिरी छाती, आणि पंखांत ती निळाई, गडद आणि फिकी, एकीत एक शिरलेली. ऊन त्याच्यावर पडलं होतं. वकीलसाहेब ओसरीवर टपाल हातात घेऊन उभे होते. सुधावहिनी दारात होती. माईंनी चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिलं.

"खाली दाणे असायचे ना?" त्या म्हणाल्या.

रामभाऊंनी बारीक ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला आणि पक्ष्याखाली ओळीनं दाणे काढायला घेतले. हात सवयीचा होता. ब्रश टेकवायचा, किंचित फिरवायचा, उचलायचा. माई वातीसारखे दाणे मोजत होत्या, ओठांतल्या ओठांत. सात. आठ. नऊ. हात थांबला नाही. दहा. अकरा. मग रामभाऊंनी ब्रश फडक्याला पुसला.

"रामभाऊ," माई म्हणाल्या, "शेवटच्या पत्रात नऊ दाणे आहेत."

कडुलिंबावर कुठेतरी खार ओरडत होती.

"त्याच्या बादही दोन डाव जाऊन आले ते," रामभाऊ म्हणाले.

"आणि तिसऱ्यांदा?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "माय, मी डबा घेऊन उभा होतो. दिवस बुडेपर्यंत."

पुढचं त्यांनी मला मळ्यात सांगितलं तेवढंच सांगितलं, तेवढ्याच शब्दांत. माईंच्या हातात अर्धी वात होती. ती त्यांनी पुरी वळली आणि ताटलीत ठेवली.

"कोणत्या वेळी?"

"सकाळी."

"ऊन होतं?"

"होतं, माय. चांगलं ऊन होतं."

वकीलसाहेब ओसरीच्या पायरीवर बसले. त्यांना असं जमिनीवर बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सुधावहिनी दारातून निघून मोटारीपाशी आली. अकराव्या दाण्यावर तिनं बोट ठेवलं. रंग ओला होता, तो तिच्या बोटाला लागला आणि दाणा फराटला. रामभाऊ फडकं घेऊन पुढे झाले, तर माई म्हणाल्या, "राहू द्या तसाच."

तो शेवटपर्यंत तसाच राहिला. ती मोटार पुढे कितीतरी वर्षं अकोल्यात फिरली, आणि शेवटी कुठल्या तरी गॅरेजात भंगार झाली. रामभाऊंनी त्यानंतर वाहनावर चित्र काढलं नाही. शाळांच्या भिंतींवर नकाशे काढले, गणपतीचे डोळे काढले. मला एकदा म्हणाले होते, "म्या रंगवलेले किती गेले अन् किती आले, हे म्या कधीच धरलं नाई. पन हाताच्या ध्यानात रायते."

त्या घरात पुढचे दिवस कसे गेले ते मी मागच्या दारातूनच पाहिलं. नातेवाईक बायका आल्या. बांगड्या, कुंकू, आणखी काय काय, याची कुजबुज सुरू झाली. माई आजारी माणसासारख्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिथूनच त्यांनी सांगितलं, की या मुलीला कोणी हात लावायचा नाही. त्यांच्या माहेरी केशवपन केलेली एक आत्या होती. तिनं अठ्ठेचाळीस वर्षं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात काढली. माईंनी हे मला नंतर कधीतरी सांगितलं. म्हणाल्या, "तो बेपत्ता होता तोवर हिच्या कपाळाला कोणी शिवत नव्हतं. मला काय कळत नव्हतं, यमुने? तार आली तेव्हाच पोटात कळलं होतं." त्या दिवशी बायका गेल्यावर त्यांनी स्वतः उठून कपाटातल्या लुगड्यांखालून तो अर्ज काढला, आणि वकीलसाहेबांपुढे टाकला.

संक्रांतीनंतर त्याच मोटारीतून सुधावहिनी अमरावतीला गेली. वकीलसाहेबांनी पेट्रोलचा परवाना काढला होता. सोबत म्हणून माईंनी मला पाठवलं. पांढऱ्या पातळातली ती माझ्या शेजारी बसली होती. कपाळ रिकामं. ते तिनं स्वतःच पुसलं होतं, स्वतः ठरवलेल्या दिवशी, कोणी सांगायच्या आत. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, आणि रस्त्यावर लादलेल्या बैलगाड्या. शेतातली माणसं आमच्या मोटारीकडे पाहत आणि कोणी कोणी हात जोडत. नीलकंठ दिसला की जोडतातच. त्यांना काय ठाऊक.

मूर्तिजापूरला मोटार तापली. वकीलसाहेब डबा घेऊन पाणी आणायला गेले. अरुंद रुळांच्या धाकट्या रेल्वेच्या स्टेशनाजवळ आम्ही दोघीच मोटारीत बसलो होतो. छोट्या गाडीचं इंजिन वाफ सोडत उभं होतं.

"यमुना, तुला माहीत होतं," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"होतं, वहिनी."

"केव्हापासून?"

"दसऱ्यापासून."

तिनं मान हलवली. मला वाटलं होतं, ती रडेल, किंवा मला बोलेल. पण अमरावती येईपर्यंत आमच्यात एक शब्द झाला नाही. त्या रस्त्यावर मी जेवढी शरमले तेवढी पुढे आयुष्यात कधी शरमले नाही.

वसतिगृहाच्या फाटकापाशी वकीलसाहेब तिची वळकटी घेऊन आत गेले. ती थांबली.

"घरची खुशाली मला कोण कळवणार?" ती म्हणाली. "मामंजी सगळं ठीक आहे असंच लिहितील. तुला लिहिता येतं ना?"

"येते. चुका होतात."

"चुका होऊ देत. खरं लिही म्हणजे झालं."

महिनाभर मी काही लिहिलं नाही. पोस्टाचं तिकीट आणून ठेवलं होतं, दौत भरून ठेवली होती. माईंचं त्या महिन्यात हळूहळू जेवण सुटलं. मी फुलं घेऊन जाई तेव्हा ताटात तशीच पोळी दिसायची, आणि आता ती अरविंदची नव्हती, त्यांचीच होती. वकीलसाहेब मला म्हणाले, सुनेला लिहिणार असशील तर हे लिहू नको, तिचा अभ्यास आहे.

मळ्यात बसून मी पत्र लिहिलं. माई बऱ्या आहेत, शेवंती संपत आली, दिराच्या लॉरीचा पाटा मोडला. वाचून पाहिलं. अक्षर चांगलं आलं होतं. रामभाऊ पलीकडे मेथीच्या जुड्या बांधत होते. त्यांनी विचारलं नाही, पण हात थांबवून ते माझ्याकडे पाहत होते.

मी तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, "वहिनी, माई अकरा दिवस झाले जेवत नाहीत. कोणाचं ऐकत नाहीत. तुम्ही या."

सोमवारी मी ते पोस्टात टाकलं. गुरुवारी सकाळी फुलं घेऊन गेले, तर मागचं दार सुधावहिनीनं उघडलं. तिच्या एका हातात वरणभाताची वाटी होती. दुसरा तिनं टोपलीसाठी पुढे केला.